देहदंडाच्या अपिलातील अन्वेषक : एका उपेक्षित कार्याचा इतिहास

सम्राट अशोकाचा चौथा स्तंभलेख त्याच्या राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यानंतर कोरविलेला आहे. दिल्ली-टोपरा, दिल्ली-मेरठ, लौरिया-अरराज, लौरिया-नंदनगढ, रामपूर्वा आणि अलाहाबाद-कोसम या स्तंभांवर तो आढळतो. रज्जुक नावाच्या अधिकाऱ्यांना दिलेली स्वायत्तता हा त्याचा मुख्य विषय असल्यामुळे प्रशासनाचा इतिहास लिहिणारे त्याचा तेवढ्यापुरता उपयोग करतात व पुढे जातात. परंतु त्याच लेखाच्या उत्तरार्धात एक तरतूद आहे, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. जे मनुष्य बंधनात आहेत, ज्यांचा न्यायनिर्णय झालेला आहे व ज्यांना वधाची शिक्षा ठोठावण्यात आली आहे, त्यांना राजाने तीन दिवसांची मुदत दिली आहे. या तीन दिवसांत त्यांचे कोणी आप्त रज्जुकांना फेरविचार करावयास लावतील व त्यांचा जीव वाचवतील. आणि असे करणारा कोणी नसेल तर ते परलोकासाठी दान देतील अथवा उपवास करतील, असा त्या ओळींचा अर्थ हुल्त्श यांनी आपल्या १९२५ च्या आवृत्तीत लावला आहे.

येथील क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. लेखातील रूप 'निझपयिसंति' असे असून पालीतील 'निज्झापेति' हे त्याचे जवळचे नाते. ध्यै हा मूळ धातू; म्हणजे विनवणी करणे किंवा पाया पडणे हा त्याचा अर्थ नव्हे. समोरच्यास नीट न्याहाळावयास लावणे, विचार करावयास लावणे आणि त्यातून त्याचे मन वळविणे असा हा अर्थ आहे. करुणेची याचना आणि वस्तुस्थितीचे दर्शन यांत जो भेद आहे तो या एका शब्दात सामावला आहे. अशोकाने देहदंड रद्द केला नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण शिक्षा सुनावल्यानंतरही काही पाहावयाचे राहिले असू शकते आणि ते दाखविणारा कोणीतरी लागतो, एवढे त्याच्या राज्यशासनाने मानले होते. ज्यास असा 'निझपयिता' नाही त्याने काय करावे, तर उपवास करावा. दगडावर कोरलेले हे वाक्य क्रूर हेतूने लिहिलेले नाही. तरीही ते वाचताना मन थबकते.

आधुनिक न्यायव्यवस्थेत हे कार्य आप्तांकडून निघून एका प्रशिक्षित व्यक्तीकडे गेले आहे. देहदंडाच्या अपिलात बचाव पक्षासाठी माहिती शोधणारा अन्वेषक तो हाच. तो वकील नसतो, न्यायालयात युक्तिवाद करीत नाही, निकालपत्रात बहुधा त्याचा नामोल्लेखही नसतो. पोलिसांचा तपास अपराध कोणी केला या प्रश्नापाशी संपतो. या अन्वेषकाचे काम निकाल लागल्यानंतर सुरू होते आणि त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात. ज्यास दोषी ठरविले तो खरोखर दोषी आहे काय? आणि असल्यास, हा मनुष्य कोण आहे? दुसरा प्रश्न इतिहासकाराचा आहे, म्हणून या व्यवसायाचा इतिहास आमच्यासारख्या अभ्यासकांस विशेष जवळचा वाटतो.

हे कार्य स्वतंत्र व्यवसाय म्हणून प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उभे राहिले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली फर्मन खटल्यात तत्कालीन देहदंडाचे कायदे घटनाबाह्य ठरविले. राज्यांनी नवे कायदे केले. २ जुलै १९७६ रोजी न्यायालयाने त्यांपैकी काही कायदे मान्य केले. मात्र त्याच दिवशी वुडसन खटल्यात असेही सांगितले की, विशिष्ट गुन्ह्यास सरसकट व सक्तीने मृत्युदंड देणारा कायदा चालणार नाही, कारण तो माणसांना माणसे म्हणून न पाहता एका बिनचेहऱ्याच्या समूहाचे घटक म्हणून पाहतो. दोन वर्षांनी, १९७८ च्या लॉकेट खटल्यात, हाच विचार पुढे गेला. ओहायोच्या कायद्याने शिक्षा सौम्य करणारी केवळ तीन कारणे मान्य केली होती. आरोपी तरुणी गुन्ह्यानंतर पळून जाण्यासाठी मोटार घेऊन बाहेर थांबली होती. गोळी तिने झाडली नव्हती. न्यायालयाने ठरविले की, दोषी व्यक्तीचा स्वभाव, पूर्वायुष्य आणि गुन्ह्याची परिस्थिती यांतील कोणतीही गोष्ट बचाव पक्ष मांडू इच्छीत असेल तर ती विचारात घेण्यास मज्जाव करता येणार नाही.

तत्त्व मान्य झाले. पण ही माहिती आणावयाची कोणी? वकिलाचे शिक्षण घटनेभोवती फिरते. एखाद्या मनुष्याचे बालपण, त्याच्या आईचे आजारपण, आजोबांचे व्यसन, शाळेतील हजेरी या गोष्टी कशा गोळा कराव्यात हे विधी महाविद्यालयात शिकवीत नाहीत. या पोकळीत जी माणसे उतरली त्यांत शार्लेट होल्डमन यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. मेम्फिस येथे जन्मलेल्या, मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या बाई सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लोरिडामध्ये एका तुटपुंज्या साधनांच्या संस्थेचे काम पाहू लागल्या. २५ मे १९७९ रोजी फ्लोरिडाने एका कैद्यास विजेच्या खुर्चीवर बसविले. १९७६ नंतर अमेरिकेत कैद्याच्या इच्छेविरुद्ध झालेली ती पहिली फाशी. 'फाशी' हा शब्द येथे अर्थातच रूढीने वापरला आहे. त्यानंतर मृत्युपत्रांवर स्वाक्षऱ्या होऊ लागल्या आणि वकील नसलेल्या कैद्यांसाठी वकील शोधीत दूरध्वनी करीत बसणे हेच होल्डमन यांचे काम होऊन बसले. त्यातूनच त्यांनी कैद्याच्या संपूर्ण जीवनवृत्तान्ताच्या शोधाची पद्धत घडविली. मानववंशशास्त्रज्ञ जसा एखाद्या समाजात जाऊन राहतो, ऐकतो, घाई करीत नाही, तसे कैद्याच्या कुटुंबात जावयाचे, ही त्यामागील दृष्टी. २०१७ साली त्या निवर्तल्या तेव्हा हा व्यवसाय सर्वत्र मान्यता पावला होता.

या पद्धतीचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे तिची माहिती फारशी नाही. प्रथम कागद. जन्माची नोंद, प्रसूतिगृहाचे टिपण, शाळेचे प्रगतिपत्रक, दवाखान्याचे केसपेपर, बालगृहाच्या नोंदी, आईवडिलांच्या नोकरीची व तुरुंगवासाची कागदपत्रे. हे सर्व कैद्याच्या गुन्ह्यापूर्वीचे असल्यामुळे त्यास विशेष किंमत असते; जीव वाचविण्यासाठी ते आता रचले असा आक्षेप कोणी घेऊ शकत नाही. मग त्या कागदांतून वर्षवार अनुक्रमणी तयार होते. दहाव्या वर्षी तीन महिने शाळेत गैरहजेरी, त्याच सुमारास डोक्याला मार लागल्याची दवाखान्यातील नोंद, आणि त्यानंतर कधीच न सुधारलेले गुण. तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांतील तीन निर्जीव कागद शेजारी ठेवले की एक घटना उभी राहते.

नंतर माणसे. भेट समक्ष घ्यावयाची, एकेकट्याची घ्यावयाची आणि पुन्हा पुन्हा घ्यावयाची, हा दंडक आहे. भावाच्या देखत बहीण जे सांगत नाही ते ती चौथ्या भेटीत एकटी असताना सांगते. घरातील अत्याचार, वेड, आत्महत्या यांविषयी कोणतेही कुटुंब पहिल्या दिवशी बोलत नाही. आणि कैदी स्वतः तर आईची अब्रू जाण्यापेक्षा आपला प्राण गेलेला बरा असे मानणारा असू शकतो. अन्वेषकाला येथे कुशलतेपेक्षा सहनशीलता अधिक लागते. शोध एका पिढीवर थांबत नाही. आजीपर्यंत, पणजोबापर्यंत तो जातो, कारण मनोविकार, बुद्धिमांद्य व दारिद्र्य यांची मुळे बहुधा तेथे असतात.

येथे पालीच्या वाचकांस अंगुलिमालाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात तो दरोडेखोर कसा झाला याविषयी काहीच सांगितलेले नाही; पिता गग्ग गोत्राचा व माता मंतानी, एवढेच तो राजा पसेनदीला सांगतो. तक्षशिलेतील गुरू, मत्सरी सहाध्यायी आणि भयंकर गुरुदक्षिणा हा सर्व वृत्तान्त अट्ठकथेने पुरविला आहे. तो ऐतिहासिक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण या माणसाच्या हातून असे का घडले, हा प्रश्न अनुत्तरित ठेवणे अट्ठकथाकारांना जमले नाही, हे मात्र खरे. विनयपिटकातही चुल्लवग्गाच्या समथक्खंधकात 'अमूळ्हविनय' म्हणून एक निवाड्याचा प्रकार आहे. गग्ग नावाचा भिक्खू वेडाच्या भरात अनेक अनुचित गोष्टी करून बसला. बरा झाल्यावर इतर भिक्खू त्यास दोष देऊ लागले. तेव्हा त्या काळातील त्याच्या मनःस्थितीची विचारणा करून त्यास मुक्त करण्याचा विधी घालून देण्यात आला. कृत्य पाहण्याबरोबर कर्त्याची अवस्था पाहावी, ही दृष्टी प्राचीन आहे.

अमेरिकेत १९८९ साली तेथील वकील संघाने देहदंडाच्या बचावासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००३ च्या सुधारित आवृत्तीत बचावाच्या पथकात किमान दोन वकील, एक अन्वेषक आणि एक जीवनवृत्तान्ताचा तज्ज्ञ असावा असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच वर्षी विगिन्स खटल्याचा निकाल लागला, आणि या कार्याचे महत्त्व त्याच्याइतके दुसऱ्या कोणत्याच निकालाने दाखविले नाही. मेरीलँडमधील या कैद्याच्या वकिलांकडे एका अहवालातील एक पानी माहिती व समाजकल्याण खात्याच्या काही नोंदी होत्या. परक्यांच्या घरी वाढल्याचा उल्लेख त्यांत होता. समाजकार्यकर्ता नेमण्यास निधीही उपलब्ध होता. वकील तेथेच थांबले. शिक्षा झाल्यानंतर एका परवानाधारक समाजकार्यकर्त्याने कुटुंबीयांना भेटून व कागद तपासून जो अहवाल तयार केला त्यातून कळले की, मद्यासक्त आई मुलांना दिवसचे दिवस एकटे सोडून जाई. मुले भिंतीच्या रंगाचे पापुद्रे व कचऱ्यातील अन्न खात. आईने त्याचा हात तापलेल्या चुलीवर दाबला होता. आणि ज्या घरांत शासनाने त्यास ठेवले तेथेही त्याच्यावर अत्याचार झाले. शिक्षा देणाऱ्या ज्युरीने यांपैकी काहीही ऐकले नव्हते. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

२००५ चा रॉम्पिला खटला तर याहून विलक्षण आहे. पेनसिल्व्हेनियातील या आरोपीच्या जुन्या गुन्ह्याची फाइल सरकारी पक्ष त्याच्याविरुद्ध वापरणार आहे हे बचाव पक्षास ठाऊक होते. ती फाइल, ज्या न्यायालयात खटला चालणार होता त्याच इमारतीत, मागणाऱ्यास मिळेल अशी ठेवलेली होती. ती कोणी उघडली नाही. त्याच फाइलमध्ये त्याच्या बालपणाची व मानसिक आजाराची चिन्हे नोंदलेली होती. मनुष्य मरणाच्या दारी होता आणि त्याचे आयुष्य काही पावलांवरच्या कपाटात पडून होते.

शोध यशस्वी झाला म्हणजे न्याय मिळतोच असेही नाही, हे मॅक्लेस्की प्रकरणाने दाखविले. जॉर्जियातील या कृष्णवर्णीय कैद्याच्या वतीने दोन हजारांहून अधिक खून प्रकरणांचा अभ्यास न्यायालयापुढे ठेवण्यात आला होता. ज्या खटल्यात बळी गोरा, तेथे मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट, असा त्याचा निष्कर्ष. १९८७ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, सर्वसाधारण आकड्यांवरून या विशिष्ट मनुष्याबाबत भेदभाव झाल्याचे सिद्ध होत नाही. त्यानंतर लगेचच शोधातून एक एकवीस पानी टंकलिखित जबानी हाती लागली. शेजारच्या कोठडीतील ज्या कैद्याने मॅक्लेस्कीने आपणाजवळ कबुली दिल्याची साक्ष दिली होती, त्याची ती जबानी. आणि एका निवृत्त तुरुंगाधिकाऱ्याच्या साक्षीवरून, त्या कैद्यास पोलिसांनीच तेथे हेतुपुरस्सर आणून ठेवले होते असे दिसू लागले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा उशिरा आला म्हणून फेटाळला. कागद शासनाच्या ताब्यात, तो न मिळाल्याचा दोष मात्र कैद्याचा! २५ सप्टेंबर १९९१ रोजी त्यास देहान्त देण्यात आला.

दुसऱ्या टोकास, अमेरिकेत १९७३ पासून मृत्युदंड झालेल्या ज्या कैद्यांची निर्दोषता पुढे मान्य झाली त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. अशा प्रत्येक सुटकेमागे कोणीतरी जुन्या साक्षीदाराच्या दारी पुन्हा गेलेला असतो.

आता आपल्या देशाकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत ३ जून १९४९ रोजी या विषयावर जे मत मांडले त्याचा संदर्भ फारसा दिला जात नाही. चर्चा नेमकी अपिलाची होती. मृत्युदंडाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करण्याचा अधिकार असावा, अशी सूचना सदस्यांकडून आली होती. त्यावर बाबासाहेबांनी सांगितले की, असा अधिकार देत बसण्यापेक्षा मृत्युदंडच नाहीसा करणे आपणास अधिक योग्य वाटते; या देशाची अहिंसेवर श्रद्धा आहे, आचरणात ती नेहमी उतरली नसली तरी नैतिक आदेश म्हणून लोक ती मानतात. देहदंड राहिला. अनुच्छेद १३४ नुसार काही विशिष्ट प्रकरणांपुरता अपिलाचा हक्क आला आणि १९७० च्या कायद्याने त्याची कक्षा वाढली.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोषनिश्चितीनंतर शिक्षेबाबत वेगळी सुनावणी घालून दिली आणि ९ मे १९८० च्या बच्चनसिंग निकालाने गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा असे सांगितले. परंतु अमेरिकेत लॉकेटनंतर जे झाले ते येथे चार दशके झाले नाही. म्हणजे ती माहिती आणणारा मनुष्य कोणी उभा केला नाही. दोषी ठरविल्याच्या दिवशीच, किंवा दुसऱ्या दिवशी, वकिलाने उभे राहून आरोपी गरीब आहे, वय लहान आहे, म्हातारे आईबाप आहेत, एवढी तीन वाक्ये बोलावीत आणि न्यायालयाने ती निकालपत्रात उतरवून घ्यावीत, असा परिपाठ पडला. यास शिक्षेवरील सुनावणी म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

याचे फलित महाराष्ट्रातील दोन प्रकरणांत दिसते. पहिले २००३ सालचे. एका गरीब कुटुंबावर रात्री दरोडा, खून व बलात्कार असे अत्यंत निर्घृण कृत्य घडले. भटक्या जमातींतील सहा जणांस पकडण्यात आले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ साली सहाही जणांस फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. त्या निकालास आधार होता १९९६ च्या रावजी प्रकरणाचा, ज्यात गुन्हेगारापेक्षा गुन्ह्याच्या स्वरूपावरच भर दिला होता. आणि अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने महाराष्ट्रातीलच बरियार प्रकरणात, रावजीचा निर्णय बच्चनसिंगच्या विरुद्ध असून चुकीचा आहे असे जाहीर केले! २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना लिहून, ज्यांची फाशी या चुकीच्या पायावर उभी होती त्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. त्यात हे प्रकरण होते.

पण खरा दोष त्याहून खोल होता. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने लगेचच पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार जणांना ओळखले होते, आणि ते चौघे या सहांपैकी नव्हते. हा कागद अभिलेखात असूनही त्या दिशेने तपास झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष मुक्त केले, प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा आदेश शासनास दिला आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांचा शोध घेण्यास सांगितले. सोळा वर्षे गेली होती. त्यांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हेही दरम्यान सिद्ध झाले होते. ज्या कुटुंबाची माणसे मारली गेली त्यांनाही या सोळा वर्षांत न्याय मिळाला नाही, हे विसरता येत नाही.

दुसरे प्रकरण पुण्याचे. २६ ऑगस्ट १९९४ रोजी एका घरात पाच स्त्रिया, ज्यांत एक गर्भवती होती, आणि दोन मुले यांची हत्या झाली. राजस्थानातून कामासाठी आलेल्या तरुणांस अटक झाली. एक माफीचा साक्षीदार झाला. दोघांना १९९८ साली फाशी सुनावण्यात आली व ५ सप्टेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या दोघांपैकी एकाच्या वयाचा कागद मात्र बिकानेर जिल्ह्यातील जलाबसर या गावच्या शाळेच्या रजिस्टरात होता. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. खटल्यात त्याचे नाव एका प्रकारे लिहिले गेले, शाळेत दुसऱ्या. त्यामुळे हा तोच मुलगा काय, हे सिद्ध करणे हेच मोठे काम होऊन बसले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१४ साली सुरू झालेल्या, पुढे 'प्रोजेक्ट ३९ अ' म्हणून ओळखल्या गेलेल्या केंद्राने हे प्रकरण हाती घेतले होते. २०१९ साली न्यायालयाने पुण्याच्या सत्र न्यायाधीशांस चौकशी करण्यास सांगितले, आणि २७ मार्च २०२३ रोजी त्या मनुष्याची सुटका झाली. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढताना त्या गावी जाऊन शाळेचे रजिस्टर पाहण्याचे कोणाच्याही कामात बसले नव्हते.

याच केंद्राने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी देशातील ३८५ मृत्युदंडित कैद्यांपैकी ३७३ जणांच्या वा त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घेण्यात आल्या. सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि तेवढेच मागास जातींचे वा धार्मिक अल्पसंख्य, असे त्यातून दिसले. वाचकांस याचे आश्चर्य वाटणार नाही. पण येथे एका धोक्याची जाणीव करून देणे आम्ही कर्तव्य समजतो. अमुक जमातीत जन्मला, दारिद्र्यात वाढला, म्हणून गुन्हेगार झाला, असे जर अन्वेषकाचा अहवाल सांगू लागला, तर तो १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचीच भाषा दयेच्या सुरात बोलू लागेल. तो कायदा १९५२ साली गेला, त्याची नजर गेली नाही. नाशिकच्या प्रकरणात सहा भटके पकडले गेले ते त्या नजरेनेच, असे आमचे मत आहे. त्याच पालात वाढलेली शेकडो मुले कोणास इजा न करता जगतात. म्हणून चांगला अन्वेषक समाजाचे वर्णन करीत नाही. तो या एका मुलाच्या बाबतीत काय घडले, कोणत्या वर्षी शाळा सुटली, कोणत्या आजारात औषध मिळाले नाही, कोणत्या कचेरीने दाखला नाकारला, हे सांगतो. जातीचा उल्लेख त्यात येतो तो कोणीतरी या मुलाशी काय केले याची नोंद म्हणून. त्याच्या रक्ताचा गुण म्हणून नव्हे.

आपल्याकडील अडचणी अमेरिकेतल्यापेक्षा निराळ्या आहेत. तेथे कागदांचा ढीग असतो व तो कोणी वाचत नाही. येथे पुष्कळदा कागदच नसतो. ऊसतोडीस वर्षातील सहा महिने बाहेर राहणाऱ्या कुटुंबातील मुलाचे नाव दोन शाळांत दोन तारखांनी असते, किंवा कोठेच नसते. गुरुजींनी अंदाजे लिहिलेली १ जून ही जन्मतारीख तर महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची. मग लग्न, दुष्काळ, भूकंप, निवडणूक अशा घटनांच्या आधाराने वय ठरवावे लागते. जन्मठेप झालेल्यास कागद शोधावयास आयुष्य असते. फाशीच्या कैद्यास तेवढी मुदत नसते. आणि बोलणी कोणत्या भाषेत करावयाची? पारध्याची आई पोलिसांशी मराठीत बोलते, मुलाविषयी ती मराठीत बोलेल असे नाही. पारधी, कैकाडी किंवा गोरमाटी समजणारा, आणि घरात शिरताच गुप्त पोलीस वाटणार नाही असा मनुष्य या कामास लागतो. समाजकार्याचे शिक्षण घेतलेले आपले तरुण-तरुणी येथे वकिलांपेक्षा अधिक उपयोगी पडू शकतील, हे आम्ही आग्रहाने नमूद करतो.

न्यायालयांनीही अलीकडे पाऊल उचलले आहे. इंदूरमधील तिहेरी खुनाच्या मनोज प्रकरणात, २० मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. त्याबरोबरच कैद्याचे वय, कुटुंब, शिक्षण व आर्थिक स्थिती यांची माहिती, मानसिक तपासणी आणि तुरुंगातील वर्तनाचा अहवाल शिक्षा ठरविण्यापूर्वीच न्यायालयापुढे आला पाहिजे, असे निर्देश दिले. पण ज्यांची अपिले, पुनर्विलोकनाचे अर्ज व दयेचे अर्जही त्यापूर्वीच फेटाळले गेले होते, त्यांचे काय? हा प्रश्न नागपूरच्या २००८ सालच्या एका बालिकेच्या हत्येच्या प्रकरणातून पुढे आला. २५ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने ठरविले की, मनोज प्रकरणातील निर्देश न पाळता झालेल्या फाशीच्या शिक्षेचा प्रश्न अनुच्छेद ३२ खाली पुन्हा उघडता येतो. दोषनिश्चिती तशीच ठेवून त्या कैद्याच्या शिक्षेची सुनावणी नव्याने व्हावी, असे त्यांनी म्हटले. घटनेस तेव्हा सतरा वर्षे झाली होती. आणि त्या सुनावणीसाठी लागणारा जीवनवृत्तान्त आता कोणास तरी घरोघर फिरून लिहून आणावयाचा होता.